स्लाइडवरची ऊती कशी ओळखावी: रंग सोडा, केंद्रक बघा

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. माणसाच्या शरीरातल्या ऊतींचे हे चार मूळ प्रकार नववीतल्या मुलालाही पाठ असतात. त्याच ऊती सूक्ष्मदर्शकाखाली आल्या की नर्सिंगची आणि डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) मुलं गप्प होतात. मिरजेत मी बरीच वर्षं मुलांना स्लाइड दाखवते आहे, आणि दर वर्षी कुणीतरी सीनियरचा तोच सल्ला घेऊन येतं: ‘लांब गुलाबी दोरे दिसले की स्नायू लिही.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि बाकीचं बहुतेक सगळं गुलाबी होतं. स्नायू गुलाबी, स्नायूला हाडाशी बांधणारा स्नायुरज्जूही गुलाबी. फ्रान्सच्या झेविये बिशा या डॉक्टरने १८०० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला हात न लावता २१ ऊती वेगळ्या केल्या होत्या. चिरून, उकळून, वाळवून, आम्लात टाकून तो बघत होता. ऊती ठरते ती बांधणीवरून.

आधी ४एक्सच्या भिंगाने अख्खी स्लाइड फिरून बघा. थेट ४०एक्सवर उडी मारणाऱ्याला झाड दिसतं, रान दिसत नाही.

मग मोकळी कडा शोधा. पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या, वरच्या बाजूला पोकळी किंवा बाहेरची हवा, आत एकही रक्तवाहिनी नाही: तो अभिस्तर. फक्त सुरीने कापलेली कडा मोकळी कडा समजू नका. तिथे पेशी तुटलेल्या, फाटलेल्या असतात.

चरबी, रक्त, कास्थी, हाड ही संयोजी ऊतीची सोपी रूपं. पेशी विखुरलेल्या आणि मधल्या जागेत भरपूर काही, एवढं दिसलं की पुरे. चरबीत मात्र पेशीच मोठाल्या आणि रिकाम्या दिसतात, केंद्रक कडेला दाबलेलं असतं.

हाडांना जोडलेला स्नायू आडव्या पट्ट्यांवरून आणि काठाला सरकलेल्या अनेक केंद्रकांवरून कळतो. हृदयस्नायूला फांद्या फुटतात, केंद्रक मधोमध असतं. ‘पट्टकी’ हा शब्द चपट्या अभिस्तरालाही लावतात आणि या पट्टेवाल्या स्नायूलाही, त्यामुळे उत्तरात अभिस्तर की स्नायू ते पूर्ण लिहा.

आता खरी अडचण. अपट्टकी स्नायू, म्हणजे आतडं, मूत्राशय यांच्या भिंतीतला पट्ट्या नसलेला स्नायू, आणि स्नायुरज्जूसारखी घट्ट संयोजी ऊती, दोन्ही लांब, गुलाबी, एका दिशेने वाहणारी. माझ्या प्रॅक्टिकलला मूत्राशयाच्या भिंतीची स्लाइड आली होती आणि मी स्नायुरज्जू लिहून आले. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, ‘नीट बघत जा.’ नीट म्हणजे नेमकं काय बघायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते शोधायला माझं वर्ष गेलं. ते तुमचं जाऊ नये.

नजर दोऱ्यावरून काढा आणि केंद्रकावर ठेवा. एकच प्रश्न विचारा: केंद्रक दोऱ्याच्या आत आहे, की दोन दोऱ्यांच्या फटीत? अपट्टकी स्नायूत प्रत्येक दोरा म्हणजे एक पेशी, म्हणून केंद्रक तिच्या पोटात असतं. लांबट, बोथट टोकांचं, आणि पेशी आकसलेली असेल तर पिळलेलं. स्नायुरज्जूत दोरा म्हणजे कोलॅजन नावाचं निर्जीव प्रथिन. तो बनवणाऱ्या पेशी दोऱ्यांच्या मधे चेपून बसतात, त्यामुळे केंद्रकं बारीक, गडद, रेघ ओढल्यासारखी दिसतात.

खात्री हवी असेल तर आडवा छेद शोधा. गाजरांची जुडी मधूनच कापली तर काही चकत्या जाड, काही बारीक येतात. अपट्टकी स्नायूची पेशीही दोन्ही टोकांना निमुळती असते, म्हणून लहानमोठी वर्तुळं दिसतात, आणि मधे केंद्रकाचा ठिपका फक्त काही जाड वर्तुळांतच असतो. कोलॅजनच्या दोऱ्याच्या पोटात असा ठिपका कधीच सापडणार नाही.

लाटांवर विसंबू नका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ढिली सोडलेली तार बघितली असेल, तसं ताण नसलेलं कोलॅजन लाटा घेतं हे खरं. पण चेतातंतूंची जुडीही लाटा घेते, आणि इथे भलेभले चुकतात. चेतातंतूंच्या जुडीभोवती स्वतःचं वेष्टण असतं, त्यावरून ती ओळखा. आडव्या छेदात स्लाइड बनवताना मायलिन, म्हणजे तंतूवरचा चरबीचा थर, विरघळून गेलेलं असतं, त्यामुळे रिकाम्या कड्यात एक ठिपका अशी रचना दिसते. तो ठिपका म्हणजे अक्षतंतू, चेतापेशीचा लांब धागा. मॅसनच्या रंगातली स्लाइड मिळाली तर प्रश्नच नाही, कोलॅजन निळं किंवा हिरवं आणि स्नायू लाल दिसतो. पण परीक्षेत ती मिळेल असं धरून चालू नका.

उत्तर लिहिताना ऊतीच्या नावाखाली कारण लिहा. ‘केंद्रक दोऱ्याच्या आत, मधोमध’ एवढे शब्द बस्स.

सरावाला लहान आतड्याची एकच स्लाइड घ्या, चारही ऊती तिच्यात आहेत. आतल्या बाजूने सुरुवात करा: बोटांसारख्या उंचवट्यांवर स्तंभीय अभिस्तर, त्याखाली सैल संयोजी ऊती. बाहेरच्या बाजूला अपट्टकी स्नायूचे दोन थर लागतात, आतला गोल फिरणारा, बाहेरचा आतड्याच्या लांबीने जाणारा. आडव्या छेदात एका थराच्या पेशी लांब पडलेल्या दिसतात, दुसऱ्याच्या वर्तुळासारख्या. दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवून बघण्याची अशी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते. या दोन थरांच्या मधल्या फटीत ४०एक्सने सावकाश सरकत जा. फिकट, मोठ्या पेशींचा एखादा पुंजका लागेल, केंद्रक गोल आणि त्यात एक ठळक ठिपका. त्या चेतापेशी.