जुना सीआरओ, मेगर, मल्टिमीटर: भंगारात न घालता चांगलं घर कसं शोधावं

माझे चुलते कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. ते गेल्यावर वर्षभर दुकानाचं शटर बंदच होतं. मग एकदा काकूंनी मला बोलावलं आणि माळ्यावरचं सामान खाली उतरवायला लावलं. अपलॅबचा वीस मेगाहर्ट्झचा सीआरओ (विजेच्या लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप), मोटवानेचा मल्टिमीटर, इन्सुलेशन तपासायचा, हातानं फिरवायचा मेगर, चामडी पिशवीतला ॲव्हो मीटर (हाही जुना काट्याचा मल्टिमीटरच), रेडिओ अलाइनमेंटचा सिग्नल जनरेटर, व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) तपासायचा टेस्टर आणि नाव पुसलेल्या दोन पेट्या. भंगारवाला दारात येऊन नजरेनंच वजन करून गेला होता. काकू म्हणाल्या, "किलोवर घालू नगस रं. त्यांचा हात फिरलाय त्याच्यावर."

काकांचं सामान योग्य हातांत पोचवायला मला सहा महिने लागले. त्यात काही चुकाही झाल्या. कोल्हापुरात अशी माळ्यावरची दुकानं अजून बरीच असतील, म्हणून काय करावं ते सविस्तर सांगतो.

आधी सुटं सामान एकत्र करा

उपकरणाआधी त्याच्या लहानसहान वस्तू गोळा करा: प्रोब आणि लीड (मोजायच्या तारा), मगरी क्लिपा, फ्यूज, जादा बल्ब आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मॅन्युअल. घर आवरताना हीच चोपडी रद्दीत जाते. टेक्ट्रॉनिक्स किंवा ह्यूलेट-पॅकार्डच्या जुन्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट असतं आणि कुठल्या बिंदूवर कोणता वेव्हफॉर्म दिसायला हवा तेही छापलेलं असतं. दुरुस्ती करणाऱ्याला उपकरणाइतकीच त्याची गरज असते.

काकांच्या मेगरच्या पेटीत एक शाळेची वही सापडली. कुठल्या मोटरचं इन्सुलेशन किती मेगओहम आलं, त्याच्या तारखेवार नोंदी, आणि एका पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं: "कॅप्टन हलका फिरवावा, दांडा घासतो." कॅप्टन म्हणजे फिरवायची मूठ, हा त्यांचा शब्द. असा कागद मिळाला तर तो उपकरणाबरोबरच जाऊ द्या.

लगेच प्लग घालू नका

वर्षानुवर्षं पडून असलेल्या उपकरणातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वाळलेले किंवा सुस्त झालेले असतात. एकदम 230 व्होल्ट दिले तर आतापर्यंत बरं असलेलं उपकरणही त्या क्षणी जळू शकतं. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर माळ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ओल धरतो. मी काकांचं सगळं सामान दसरा होईपर्यंत नुसतं मोकळं ठेवलं, उन्हाच्या थेट झळीत नव्हे पण वारं लागेल असं. 2019 किंवा 2021 च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं असेल आणि उपकरण त्यात बुडालं असेल, तर ते सुकल्यासारखं दिसलं तरी चालू करू नका. गाळ कॉइलच्या आत जाऊन बसतो. असं उपकरण फक्त सुट्या भागांसाठी धरा.

नुसत्या डोळ्यांनी बरंच कळतं. मागच्या बाजूला व्होल्टेजचा सिलेक्टर 115 वर आहे की 230 वर, ते बघा. अमेरिकेतून आलेला माल पुष्कळदा 115 वर ठेवलेला असतो. मीटरचं सेल-घर उघडा. सेल फुटून हिरवट-पांढरा क्षार पसरला असेल, तर सेल काढून जागा कोरड्या ब्रशनं साफ करा. ॲव्हो मीटर मॉडेल 8 मध्ये दीड व्होल्टच्या सेलबरोबर 15 व्होल्टची वेगळी बॅटरी असते, ती विसरू नका. उंदराचं घरटं, गंज, करपल्याचा वास, यातलं काही आढळलं तर तिथंच थांबा.

तीन पिनी प्लगमधली जाड अर्थ पिन कापलेली तर नाही ना, हे मुद्दाम बघा. टीव्हीची चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असायची, त्यामुळं अर्थ केलेला सीआरओ लावला की फ्यूज उडायचा. मग मेकॅनिक सीआरओचीच अर्थ पिन काढून टाकत. काकांनीही तेच केलं होतं. त्यांना काय करतोय ते पक्कं माहीत होतं. पण तोच सीआरओ उद्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या पोराच्या हातात गेला, तर लोखंडी खोक्याला हात लावताच झटका बसू शकतो. देण्याआधी नवी तीन कोअर वायर आणि धड प्लग बसवून द्या. खर्च किरकोळ आहे.

सीआरओचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबसारखीच त्याच्या ट्यूबलाही हजारो व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. ट्यूबच्या मागची काचेची मान नाजूक असते, ती तुटली तर काचा उडतात. आत बघायचंच असेल तर जुन्या टीव्ही मेकॅनिकला बरोबर घ्या.

हळूहळू जागं करा

डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर शून्यापासून चढवत अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण व्होल्टेजवर या. नसेल तर सिरीज लॅम्प लावा, म्हणजे उपकरणाला जाणाऱ्या वीजेच्या वाटेतच जोडलेला साठ-शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब. चालू करताच बल्ब लख्ख पेटून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. पण हे जड ट्रान्सफॉर्मरवाल्या उपकरणांपुरतंच. नंतरच्या मॉडेलांत स्विचिंग सप्लाय (एसएमपीएस) असतो, त्याला कमी व्होल्टेज सोसत नाही. ते जाणकाराकडंच न्यावं.

सीआरओ लागला की पाच मिनिटं गरम होऊ द्या. मग इन्टेन्सिटी (रेघेचा उजेड) थोडीशीच वाढवून आडवी रेघ येते का बघा. एका जागी चमकता ठिपका उभा राहिला तर ताबडतोब कमी करा, फॉस्फर जळून कायमचा डाग पडतो. रेघ आल्यावर पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेशनच्या हुकाला प्रोब लावा. बहुतेक सीआरओंवर तिथं एक किलोहर्ट्झच्या आसपासचा चौकोनी वेव्ह मिळतो. काकांच्या सीआरओवर तो आला तेव्हा कोपरे जरा गोल दिसत होते. प्रोबवरचा बारीक स्क्रू पाव फेरी फिरवल्यावर काटकोनात उभे राहिले. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या हिरव्या रेघेकडं बघत तशाच उभ्या राहिल्या.

या रेघेचा फोटो नक्की काढा. "चालू आहे" या दोन शब्दांपेक्षा घेणाऱ्याचा त्यावर जास्त भरवसा बसतो.

मल्टिमीटरसाठी एक नवा सेल आणि चांगला डिजिटल मीटर पुरे. दोन्हीवर तोच सेल मोजा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. काटा मध्येच अडकत असेल तर तेही लिहा. मेगर फिरवताना लीडच्या टोकांना हात लावू नका, तिथं 500 व्होल्ट असतात.

खरी अवस्था लिहून काढा

प्रत्येक वस्तूला एक कागद करा. कंपनी, मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, काय चालतं, काय चालत नाही, काय तपासलंच नाही. "चॅनेल 2 ची रेघ थरथरते" असं लिहिलं म्हणून कुणी पाठ फिरवत नाही, उलट घेणारा तयारीनं येतो. मी सिग्नल जनरेटरबद्दल तोंडी "बहुतेक चालतो" म्हटलं आणि एका माणसाला इचलकरंजीहून फुकट खेप पडली. ते मला अजून लागतं.

आता घर शोधा, आणि आधी वापरणारा शोधा

माझं ठाम मत आहे: उपकरण ज्याच्या रोजच्या कामाला येईल त्याच्याकडं ते आधी जावं, मग शिकणाऱ्याकडं, मग जपून ठेवणाऱ्याकडं. भाव कोण जास्त देतो हे शेवटी बघावं.

मेगरला कोल्हापुरात घर शोधावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगच्या दुकानांत जाऊन विचारा. गुंडाळी झाली की मोटरचं इन्सुलेशन तपासायचंच असतं, आणि हातमेगरला सेल लागत नाही की चार्जर. काकांचा मेगर वहीसकट तिथंच गेला. घेणाऱ्यानं आधी वही वाचली, मग मेगर हातात घेतला.

सीआरओ कुणाला लागतो? कंट्रोल कार्ड, वेल्डिंग मशीन, साउंड सिस्टिमचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना. वीस मेगाहर्ट्झ या कामाला भरपूर होतात. रेडिओची आवड असलेल्या माणसाला सिग्नल जनरेटर हवा असतो, कारण 455 किलोहर्ट्झचा आयएफ (रेडिओच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) त्याशिवाय धड जुळत नाही. हॅम रेडिओवाले, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेनं वायरलेसवर बोलणारे, ज्यांचे कॉलसाइन व्हीयू2 किंवा व्हीयू3 नं सुरू होतात, त्यांच्यात असं सामान जीव लावून वापरणारे खूप आहेत. एकाला गाठलंत तर तो पुढच्या चौघांची नावं सांगतो. सामानात एखादा वायरलेस ट्रान्समीटर निघाला तर मात्र तो लायसन्सधारकालाच द्यायचा, आणि त्यानं येऊन बघेपर्यंत चालू करायचा नाही.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या मोठ्या कारखान्यांच्या क्वालिटी विभागांत फार आशेनं जाऊ नका. ऑडिटला त्यांना कॅलिब्रेशनचं (माप बरोबर असल्याचं) प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि जुन्या उपकरणाचं कॅलिब्रेशन करून घेणं त्यांना परवडत नाही. त्याच कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस मात्र घरी छोटं वर्कशॉप चालवत असतो. विचारायचं त्याला.

कॉलेजला द्यायचं असेल तर

आयटीआय, शासकीय पॉलिटेक्निक, शिवाजी विद्यापीठ, केआयटीसारखी इंजिनिअरिंग कॉलेजं, अशा ठिकाणी शिकणारी मुलं आहेत, म्हणून आपला पहिला विचार तिकडंच जातो. जायला हरकत नाही, पण विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी लॅब असिस्टंटला भेटा. टेबलावर जागा आहे का, जुनं दुरुस्त करायची कुणाला हौस आहे का, हे तोच सांगेल.

वस्तू एकदा डेड स्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) चढली की संस्थेला ती सहज कुणाला देता येत नाही. बिघडली तरी निर्लेखन (नोंदवहीतून रीतसर काढणं) होईपर्यंत पडून राहते आणि मग लिलावात भंगार म्हणूनच निघते. माझी मोठी चूक इथं झाली. सिग्नल जनरेटर मी आधी एका कॉलेजला देऊ केला, त्यांनी हौसेनं ठेवून घेतला. तीन महिन्यांनी सहज गेलो तर जिन्याखाली, मोडक्या बाकांवर, खालीवर उलटा. नशिबानं रजिस्टरला चढला नव्हता, म्हणून परत आणता आला. तेव्हापासून मी आधीच विचारतो: कुठल्या प्रयोगाला लागेल, कुणाच्या ताब्यात राहील, आणि नको झाल्यावर मला कळवाल का. पत्रावरही तेवढं लिहून घेतो. मोघम उत्तर आलं तर वस्तू परत घरी.

जिथं शिकवणारा स्वतः सोल्डरिंग करतो, तिथं बिनधास्त द्या. सीआरओवर ट्रिगरची नॉब फिरवून पळता वेव्ह थांबवायला जमलं की मुलाला ट्रिगर म्हणजे काय ते हाताला कळतं. डिजिटल स्कोपवर ऑटोसेटचं बटण दाबून ते कळत नाही.

जपून ठेवणाऱ्यांचा माल वेगळा

काही वस्तूंना वापरापलीकडं मोल असतं. ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन 1939 सालचा ऑडिओ ऑसिलेटर होता. टेक्ट्रॉनिक्सचा 465, 1972 सालचा, शंभर मेगाहर्ट्झचा, आजही लोक शोधत असतात. व्हॉल्व्हवरचं काहीही, लाकडी पेटीतले ब्रिज (रोध मोजायची जुनी उपकरणं), ॲव्हो मीटर, हे रंगवू नका, डायल घासू नका, फक्त कोरडं पुसा. परदेशातल्या किमती बघून मात्र हुरळून जाऊ नका. व्हॉल्व्हचा मोठा ऑसिलोस्कोप तीस किलोच्या आसपास भरतो, तो इथून पाठवणार कसा? आणि आज नवा छोटा डिजिटल स्कोप काही हजारांत मिळतो, त्यामुळं साध्या सीआरओला मोठा भाव येत नाही. काकूंना मी हे आधीच सांगितलं होतं. त्यांनी मेगरचे पैसे घेतले, बाकीचं तसंच द्यायला सांगितलं.

मेलेल्या उपकरणालाही घर असतं. चांगली ट्यूब, नॉब, ट्रान्सफॉर्मर, रोटरी स्विच यांच्यासाठी कुणाचा तरी तसाच सीआरओ अडलेला असतो. अगदीच काही उरलं नाही तर नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत प्रयोगशाळेतली उपकरणंही येतात. भंगारात गेलं की तांब्यासाठी तारा जाळतात आणि शिसं असलेली ट्यूब कुठंतरी फोडतात.

पोचवणं

सीआरओ वाकळीत गुंडाळा, वर पुठ्ठ्याचं खोकं, नॉबच्या बाजूला थर्मोकोल. कधीही नॉबवर पालथा ठेवू नका. जवळपास असेल तर कारच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून न्या. ट्रान्सपोर्टनं पाठवायचा असेल तर पाऊस संपू द्या.

घेणाऱ्यासमोर एकदा चालू करून दाखवा, कागद, मॅन्युअल आणि प्रोब हातात द्या, आणि महिन्याभरानं फोन करा. काकांचा सीआरओ आता राजारामपुरीत अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडं आहे. पहिल्या फोनमध्येच त्यानं विचारलं, चॅनेल 2 ची रेघ का थरथरते? दुसऱ्या आठवड्यात त्यानंच कळवलं की अटेन्युएटरच्या (सिग्नल कमी करायच्या) स्विचला मळ होता, क्लीनर मारला. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते बी दर पावसाळ्याला तेच करायचे."

व्हॉल्व्ह टेस्टर अजून माझ्याकडं आहे. कुठल्या व्हॉल्व्हला कुठली सेटिंग लावायची, तो त्याचा चार्ट मिळालेला नाही.