हॉन्टेड मॅन्शनला नेण्याआधी: लहान मुलांची तयारी

डिस्नेलँडच्या हॉन्टेड मॅन्शनला, म्हणजे गाडीत बसून फिरायच्या भुतांच्या हवेलीच्या राइडला, उंचीची अट नाही. कडेवरचं मूलही आत जाऊ शकतं, आणि पालकांची पहिली गफलत इथेच होते. उंचीची अट असते ती झटके आणि मांडीवरचा दांडा शरीराला झेपतात का, हे पाहण्यासाठी. मूल घाबरेल की नाही, हे ती पट्टी सांगत नाही. शिवाय ही राइड हळू चालते, मोठा उतार नाही, पोटात गोळा येत नाही, म्हणून "यात काय आहे घाबरण्यासारखं" असं मोठ्यांना वाटतं. मुलाला मात्र अंधार, किंकाळी आणि अचानक वर येणारी डोकी भिडतात.

अनाहाइमचं, म्हणजे कॅलिफोर्नियातलं मॅन्शन ९ ऑगस्ट १९६९ला सुरू झालं. फ्लोरिडातलं १९७१चं आणि टोकियोतलं १९८३चं. तिन्हींचा गाभा एकच आहे. पॅरिसमधलं फँटम मॅनर जास्त काळोखं आणि गंभीर आहे. हाँगकाँगच्या मिस्टिक मॅनरमध्ये भुतं नाहीतच. तिथे एक खोडकर माकड आणि जिवंत होणाऱ्या वस्तू आहेत, त्यामुळे पहिल्या अनुभवासाठी ते सगळ्यांत सोयीचं. पुढचं सगळं अनाहाइम धरून लिहिलं आहे.

तयारीत दोनच गोष्टी खरोखर कामाला येतात: पुढे काय होणार हे मुलाला आधीपासून ठाऊक असणं, आणि "मला नाही जायचं" म्हणायची खरीखुरी मुभा असणं. दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग होत नाही.

आधी भीती कुठली ते ओळखा

"घाबरतं" या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असतात. लाइट गेल्यावर मूल जागच्या जागी गोठत असेल, तर अंधाराची भीती. दिवाळीत सुतळी बॉम्बच्या आवाजाने कान झाकून आत पळत असेल, तर आवाजाची. दाराआडून "भो" केल्यावर हसण्याऐवजी रडत असेल, तर अचानकपणाची. झोपाळा उंच गेला की किंचाळत असेल, तर पडण्याची. मॅन्शनमध्ये पहिल्या तीन आहेत, चौथी जवळजवळ नाही. शेजारच्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या बोटीच्या राइडमध्ये उलट: तिथे अंधारात बोट दोनदा उतारावरून घसरते. म्हणून "पायरेट्समध्ये रडलं, आता मॅन्शन नकोच" हा हिशेब बरोबर नाही, आणि याच्या उलटाही नाही.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तयारी समजत नाही. त्याला बाहेर ठेवा. तीन ते सहा या वयात खरं आणि खोटं यांची सीमा अजून पक्की नसते. "ते खोटं आहे" हे मूल तोंडाने म्हणतं, पण अंधारात ते टिकत नाही. तयारीचा सगळ्यांत जास्त फायदा याच वयाला होतो. सात-आठच्या पुढे आतली यंत्रं कशी चालतात हे सांगितलं की बहुतेक मुलं भीती विसरून यंत्रांच्याच मागे लागतात.

तयारी जायच्या आठवडाभर आधी सुरू करा. महिनाभर आधी नको. लहान मूल तेवढा काळ त्याच विचारात राहतं आणि भीती मुरत जाते. त्या आठवड्यात घरात कुणीही "जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल" म्हणायचं नाही. आजी-आजोबांनाही हे नीट सांगून ठेवा. एकीकडे भुताचा धाक आणि दुसरीकडे "भुतं गमतीची असतात", या दोन्हींवर मूल एकदम विश्वास ठेवू शकत नाही.

क्रम सांगा, तोही मराठीत

आतलं निवेदन इंग्रजीत आहे, टोकियोत जपानीत. इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला तो जड आवाज फक्त धमकीसारखा ऐकू येतो. म्हणून गोष्टीसारखं नाही, तर प्रवासाच्या टप्प्यांसारखं सांगा:

"आधी एक मोठी खोली. खूप लोक उभे असतील. भिंतीवरची चित्रं लांब लांब होतील. मग दिवे जातील, ढगांचा गडगडाट होईल आणि कुणीतरी ओरडेल. मग दार उघडेल. मग आपण काळ्या गाडीत बसू. गाडी हळू जाईल. लांब बोळ, एक पेटी, ठोठावणारी दारं. काचेच्या गोळ्यात बोलणारी बाई. नाचणारी भुतं. मग घराचा माळा. मग गाडी उलटी वळून स्मशानात उतरेल, तिथे भुतं गाणं म्हणतात. शेवटी आरसा. मग बाहेर."

रोज एकदा, झोपण्याच्या वेळेला नव्हे, दुपारी. तिसऱ्या दिवशी मुलालाच सांगायला लावा. क्रम चुकला तरी चालेल, पण "दिवे जातात आणि कुणीतरी ओरडतं" हा टप्पा त्याच्या तोंडून यायलाच हवा.

त्यानंतर राइडचा व्हिडिओ दाखवा: उजेडात, टीव्हीऐवजी फोनवर, आवाज अगदी कमी, आणि थांबवायचं बटण मुलाच्या हातात. दुसऱ्यांदा आवाज थोडा वाढवा. दोन गोष्टी सांभाळा. कॅमेऱ्यात आतला भाग प्रत्यक्षापेक्षा उजळ दिसतो, म्हणून "खरं याहून अंधारं असतं" हे बोलून दाखवा. आणि व्हिडिओ संपताच पुढचा आपोआप लागू देऊ नका, कारण तो कुठल्यातरी भयपटाचा निघू शकतो.

घरी भूत बनवा

नाचणाऱ्या भुतांच्या दालनातली युक्ती जुनी आहे. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर दाखवली, म्हणून तिला पेपर्स घोस्ट म्हणतात. एक मोठी काच, तिच्या पलीकडे खरं दालन, आणि प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी उजेडातले पुतळे. त्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि पुतळे दालनातच तरंगताहेत असं वाटतं. घरी हे अर्ध्या तासात होतं.

फोटो फ्रेममधली पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट घ्या. काच नको, हात कापतो. टेबलावर ती उभी करा आणि मुलाच्या नजरेच्या रेषेला ४५ अंशांत तिरकी ठेवा. शीटच्या मागे २० सेंटिमीटरवर एक खेळण्यातली खुर्ची. मुलाच्या बाजूने पण कडेला, शीटपासून तेवढ्याच अंतरावर, एक पांढरी बाहुली. तिच्यामागे काळं कापड. बाहुली मुलाला थेट दिसू नये म्हणून मध्ये एक पुस्तक उभं करा. खोलीत अंधार करा आणि बॅटरीचा झोत फक्त बाहुलीवर टाका. खुर्चीवर धूसर बाहुली बसलेली दिसेल. बॅटरी बंद केली की गायब.

भूत पुसट दिसलं तर झोत शीटवर सांडतोय किंवा खोलीत उजेड आहे. दोन-दोन भुतं दिसली तर शीट जाड आहे; पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येतंय. भूत खुर्चीच्या पुढे-मागे तरंगत असेल तर दोन्ही अंतरं पुन्हा मोजा.

बॅटरी मुलाच्या हातात द्या, हे सगळ्यांत महत्त्वाचं. भूत कधी यायचं आणि कधी जायचं हे त्याने ठरवलं, की नाचाच्या दालनात पोचल्यावर मूल काच शोधायला लागतं.

आतमध्ये मान वळवून आपल्याकडे बघत राहणारे दोन दगडी चेहरेही आहेत. जत्रेतला प्लास्टिकचा मुखवटा उलटा धरा, म्हणजे खोलगट बाजू मुलाकडे, आणि उजेड खालून टाका. एक डोळा मिटून इकडून तिकडे चालायला सांगा. खोलगट चेहरा फुगीर वाटतो आणि तो मान वळवतोय असं दिसतं. मॅन्शनमधले चेहरेही असेच आत खोदलेले आहेत. काचेच्या गोळ्यातली बाई आणि गाणारे पुतळे म्हणजे कोऱ्या चेहऱ्यांवर पाडलेला सिनेमा, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्या दिवशी

पोट भरलेलं, झोप झालेली, बाथरूमला जाऊन आलेलं मूल घेऊन सकाळी जा. संध्याकाळी दमलेलं मूल नेलं तर आठवडाभराची तयारी वाया जाते.

बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम आत गेल्यावर डोळ्यांना काही मिनिटं जवळजवळ दिसत नाही, आणि पहिली भीती त्याच मिनिटांत बसते. रांगेत मुलाला टोपी किंवा गॉगल घाला आणि दारात काढा. आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी कान झाकणारे हेडफोनसारखे मफ न्या. कापसाचे बोळे अंधारात पडतात आणि मग शोधत बसावं लागतं. डोळे मिटून फार उपयोग होत नाही, कारण आवाज चालूच राहतो आणि मूल त्यावरून आणखी वाईट चित्र रंगवतं. कान झाकून बघत राहणं बहुतेकांना सोपं जातं.

तिथले कर्मचारी जुन्या हवेलीतल्या नोकरांच्या वेशात असतात आणि मुद्दाम हसत नाहीत. "ते नाटक करताहेत" हे रांगेतच सांगा. मूल अडलं तर त्यांच्यापैकीच एकाला हळूच सांगा; ते लगेच मदत करतात आणि बाहेर पडायची वाट दाखवतात. हे पहिल्या खोलीत शिरण्याआधी विचारून ठेवा, दार बंद झाल्यावर नको.

ती पहिली खोली हा सगळ्यांत कठीण भाग. अष्टकोनी खोली, दार बंद, आणि भिंती लांब होत असल्याचा भास. अनाहाइममध्ये ती खरं तर खाली जाणारी लिफ्ट आहे, कारण राइडचा मुख्य भाग पार्कभोवतीच्या रेल्वे रुळांच्या पलीकडे आहे. फ्लोरिडात जमीन जागच्या जागी राहते आणि छत वर जातं. शेवटी दिवे जातात आणि विजेच्या लखलखाटात वर छताखाली फास लागलेला देह दिसतो. हे दृश्य काही क्षणांचंच आहे, पण पालकांना ते आधी माहीत असायलाच हवं. पाचच्या आतल्या मुलाला कडेवर, तोंड तुमच्या छातीकडे करून घ्या, आणि दिवे मंदावू लागले की कानांवर हात ठेवा. मोठ्या मुलाने पाहून विचारलंच, तर खोटं सांगू नका: "तो बाहुला आहे. या गोष्टीतल्या माणसाला कुणी मदत करायला नव्हतं. तुला कधी फार वाईट वाटलं तर तू आम्हाला सांगायचं." एवढं बास. घरात अशी घटना घडलेली असेल तर ही राइड या खेपेला टाळा.

गाडीत मुलाला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. दांडा सगळ्यांत मोठ्या मांडीला टेकून थांबतो, म्हणून मुलापुढे मोकळी जागा राहते. तुमचा हात तिथे ठेवा. निवेदकाचा आवाज सीटमधून, अगदी कानामागून येतो. "मागे कुणीतरी आहे" असं मुलाला वाटतं, म्हणून बसल्या बसल्या त्याचा हात धरून तो स्पीकर दाखवा. एक खूण ठरवा: हात एकदा दाबला म्हणजे "ठीक आहे", दोनदा म्हणजे "जवळ घे". अंधारात बोललेलं ऐकू येत नाही, दाबलेलं कळतं.

मुलाला काम द्या. ठोठावणाऱ्या दारांच्या पुढे एक घड्याळ आहे, त्यात १२ ऐवजी १३ तास आहेत. ते शोधायला सांगा. नाचाच्या दालनात वाढदिवसाचा केक शोधायचा. काम असलेलं मूल समोर बघतं. मोकळं मूल काळ्या कोपऱ्यात बघत बसतं. माळ्यावर छातीच्या ठोक्यांचा आवाज येतो. त्यानंतर गाडी पाठमोरी होऊन खाली उतरते. तेव्हा "आता मागे-मागे" असं म्हणा. स्मशानात थडग्यांमागून डोकी झटकन वर येतात, तिथे खूण वापरा.

गाडी मध्येच थांबू शकते. कुणाला चढायला वेळ लागला की गाड्यांची पूर्ण साखळी थांबते. हे आधी सांगितलेलं नसेल तर मुलाला वाटतं की भुतांनीच अडवलं.

शेवटचा आरसा मोठ्यांना गंमत वाटतो, पण लहान मुलांच्या रात्रीच्या रडण्याचं मूळ बरेचदा तिथेच असतं. आरशात आपल्या गाडीत एक भूत दिसतं आणि निवेदक सुचवतो की ते तुमच्याबरोबर घरी येईल. चार वर्षांचं मूल हे शब्दशः धरतं. म्हणून आधीच ठरवा: आरशासमोर हात हलवून "टाटा, तू इथेच थांब" असं मुलाने म्हणायचं. बाहेर सरकत्या पट्ट्यावरून वर येताना पुन्हा एकदा मागे वळून टाटा.

दारातच नाही म्हटलं तर

तर नाही. एक मोठा माणूस मुलाबरोबर बाहेर थांबेल हे घरूनच ठरलेलं असावं. "तिकिटाचे एवढे पैसे दिलेत" हे वाक्य आणि आइस्क्रीमची लालूच, दोन्ही टाळा. लालचीने आत गेलेलं मूल खोलीचं दार बंद झाल्यावर मागे फिरू शकत नाही. बरोबरच्या दादा-ताईंना "घाबरट" हा शब्द त्या दिवसापुरता बंद. आणि "आत काहीच नाही" असं सांगून कधीच नेऊ नका; एकदा फसवलं की पुढच्या दवाखान्याच्या भेटीतही मूल तुमचा शब्द मानणार नाही.

सप्टेंबरच्या सुमारापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अनाहाइमच्या मॅन्शनची सजावट आणि निवेदन नाताळासाठी बदललेलं असतं. त्या काळात जाणार असाल तर त्याच सजावटीचा व्हिडिओ दाखवा, नाहीतर पाठ केलेला क्रम आत जुळत नाही.

परतल्यावर "घाबरलास ना?" असं विचारू नका. "कुठलं भूत सगळ्यांत वेडं होतं?" असं विचारा आणि चित्र काढायला द्या. दोन-तीन रात्री दिवा चालू ठेवायचा हट्ट झाला तर ठेवा, आणि दिवसा बाहुली-बॅटरीचा खेळ पुन्हा काढा. दोन आठवड्यांनंतरही झोप मोडत असेल, किंवा मूल दिवसासुद्धा एकटं बाथरूमला जाईना, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.