जुलाब नसताना लेकरू सुकते तेव्हा

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे गेला की सुकलेले लेकरू घेऊन आलेली आई "झळ लागली असेल" म्हणते आणि आपण डॉक्टरही ते चटकन मान्य करतो. परंतु जुलाब नसलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे उत्तर सर्वांत शेवटी स्वीकारावे.

प्रथम बाळाचे उघडे वजन करून ते जन्माच्या वजनाशी ताडून पाहावे. पहिल्या आठवड्यात घट 10 टक्क्यांहून अधिक असेल, तर बहुधा अंगावरचे दूध पुरत नसते आणि रक्तातील सोडियम लिटरमागे 150 मिलिमोलच्या वर गेलेले आढळते. अशा बाळाची टाळू फारशी खोल जात नाही, त्वचा मळलेल्या कणकेसारखी लागते, त्यामुळे शोष (अंगातील पाणी कमी होणे) आहे त्याहून कमी वाटतो. डब्याची पावडर देत असतील, तर आईला ती आपल्यासमोर कालवायला सांगावी. नुसते विचारून पावडर-पाण्याचे प्रमाण कळत नाही.

मग लघवी. सुकलेल्या बाळाची दुपटी भिजतच असतील, तर दोष मूत्रपिंडात किंवा संप्रेरकांत शोधावा. सोडियम चढलेले असूनही लघवी पाण्यासारखी पातळ असेल, तर मूत्रपिंड पाणी राखत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडियम कमी व पोटॅशियम जास्त आढळल्यास ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार गृहीत धरावा. मुलीच्या जननेंद्रियांवरून शंका येते. मुलगा मात्र बाहेरून निरोगी दिसतो आणि म्हणूनच दगावतो. टाच पिळून घेतलेल्या रक्तात पोटॅशियम खोटे वाढते, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घ्यावे व ईसीजी काढावा. साखर तपासावी, 17-ओएचपीसाठी (या विकारात रक्तात वाढणारे संप्रेरक) रक्त बाजूला ठेवावे आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन (ॲड्रिनलचे कमी पडलेले संप्रेरक) द्यावे.

पोटॅशियम व क्लोराइड दोन्ही कमी असतील आणि उलटी फेकल्यासारखी लांब जात असेल, तर जठराचे तोंड अरुंद झाले आहे का, हे सोनोग्राफीने पाहावे. उलटी नसल्यास लघवीतील क्लोराइड मोजावे: जास्त असल्यास दोष मूत्रपिंडाचा, नगण्य असल्यास मीठ बहुधा घामातून जात आहे. "लेकराचा पापा खारट लागतो" हे आजीचे वाक्य तेव्हा केसपेपरवर लिहून घ्यावे, कारण सिस्टिक फायब्रोसिस (घामातून जास्त मीठ जाणारा जन्मजात आजार) असलेले बाळ उन्हाळ्यातच कोसळते.

बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेले) असेल, तर किलोमागे 10 ते 20 मिलिलिटर नॉर्मल सलाइन लगेच द्यावे. चढलेले सोडियम मात्र 24 तासांत लिटरमागे 10 मिलिमोलपेक्षा अधिक उतरू देऊ नये, कारण ते झपाट्याने उतरल्यास मेंदूला सूज येते. अंबाजोगाई, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीत वजन, शेवटच्या लघवीची वेळ आणि रक्त-लघवीचे नमुने सलाइनच्या आधीचे की नंतरचे, हे नोंदवावे.