पोटाच्या जुन्या दुखण्यात डॉक्टरांची गोळी आणि वैद्यांचे चूर्ण एकत्र कसे घ्यावे

सोलापुरात पोटाचे दुखणे जुने झाले की सकाळी डॉक्टरांची गोळी, दुपारी वैद्यांचे चूर्ण आणि रात्री शेजाऱ्यांनी सुचवलेला काढा असे सर्रास चालते. दोन्ही उपचार एकत्र घेता येतात. मात्र आधी निदान झालेले असावे आणि डॉक्टर व वैद्य या दोघांनाही सगळी औषधे ठाऊक असावीत.

शौचातून रक्त, काळे शौच, विनाकारण घटणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार असेल, तर चूर्ण बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) बरेचदा सारखेच दिसतात, आणि क्रोन्सवर दिले जाणारे स्टिरॉइड क्षयरोग्याला घातक ठरू शकते. सिलिॲकची (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी, नाहीतर निष्कर्ष चुकू शकतो. तो आजार निघालाच, तर आपली ज्वारीची भाकरी चालते. फक्त गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेले पीठ घेऊ नये.

निदानानंतर एका वहीत प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहावी व ती वही दोघांनाही दाखवावी. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हा समज सर्वांत महागात पडतो. आम्लपित्तासाठी ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, म्हणून लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयविकारावरील डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तो टाळावा. त्रिकटूतील (सुंठ, मिरी व पिंपळीच्या चूर्णातील) मिरी व पिंपळी काही औषधांचे, उदाहरणार्थ फिट्सवरील फेनिटॉइनचे, रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी केल्या आहेत. लेबल नसलेली भस्मे तर घेऊच नयेत, कारण त्यांत शिसे असल्यास त्यानेच पोटात कळा येतात.

इसबगोलाबद्दल मात्र दोन्ही पद्धतींत फारसा वाद नाही. तो भरपूर पाण्याबरोबर आणि इतर गोळ्यांपासून सुमारे दोन तासांच्या अंतराने घ्यावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी आधीच कमी पडते आणि कोरडा इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. आयबीएसमध्ये (आतड्यात इजा नसताना वारंवार पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होणाऱ्या विकारात) योगासने व प्राणायामही काहींना उपयोगी पडतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज व व्रण आणणाऱ्या आजारात) काढ्याने बरे वाटू लागले तरी सूज आटोक्यात ठेवणारे मेसालामाइन परस्पर थांबवू नये, आणि स्टिरॉइड तर एकदम कधीच बंद करू नये. नवे काही सुरू करायचे असल्यास एका वेळी एकच सुरू करावे. त्याच सुमारास शेंगा चटणी, तिखट किंवा चहा सोडू नये. नाहीतर गुण कशाने आला हे कळणार नाही. दोन-चार आठवडे शौच, दुखणे आणि जेवण यांची नोंद ठेवून मगच पुढचा बदल करावा. वैद्यांचे औषध दीर्घकाळ चालणार असेल, तर ते सुरू करण्यापूर्वी आणि पुढे अधूनमधून यकृत व मूत्रपिंडाची रक्ततपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.