लग्नासाठी शोभेल अशी साडी कशी निवडावी आणि ब्लाउज अंगावर कसा बसवून घ्यावा

साडीवर पंधरा-वीस हजार घालायचे आणि ब्लाउज मात्र ‘जुन्या मापाने टाका’ म्हणून टेलरकडे ठेवून यायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. मग मंडपात साडी उत्तम असते, पण नेसणारी दर पाच मिनिटांनी खांदा वर ओढत असते. साडी शोभते की नाही हे निम्म्याहून जास्त ब्लाउजवर ठरतं. त्यामुळे इथे साडीचं थोडक्यात आणि ब्लाउजचं सविस्तर सांगितलं आहे. करवली असा, वरमाय असा की मामी, क्रम हाच.

१. आधी तारीख आणि वेळ बघा

खान्देशातली लग्नसराई म्हणजे ऐन उन्हाळा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास जळगाव-भुसावळात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो आणि मंडपाच्या कापडाखाली त्याहून जास्त वाटतो. दुपारच्या मुहूर्ताला पॉलिस्टरची वर्कची साडी नेसणं म्हणजे स्वतःला छळणं. घाम शोषला जात नाही, निऱ्या पायांना चिकटतात आणि तासाभरात चेहरा सुकतो. भारी साडी गोरज मुहूर्तासाठी किंवा रात्रीच्या रिसेप्शनसाठी ठेवा. हळदीला सुती किंवा कॉटन-सिल्क नेसा, तीही डाग पडला तर जीव तुटणार नाही अशी.

२. कापड

सुरत जवळ असल्यामुळे आपल्या बाजारात जॉर्जेट, शिफॉन, नेट आणि आर्ट सिल्क भरपूर आणि स्वस्त मिळतं. त्यात गैर काही नाही, फक्त आर्ट सिल्क म्हणजे रेशीम नव्हे हे लक्षात ठेवा. शंका आली तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

अंगावर कापड कसं बसतं यासाठी एकच गोष्ट तपासा. दुकानात साडीचा एक मीटर भाग मुठीत चुण्या करून धरा आणि खाली सोडा. चुण्या सरळ खाली पडल्या (जॉर्जेट, क्रेप, मऊ रेशीम) तर साडी अंगालगत राहील. फुगून बाहेर उभ्या राहिल्या (ऑर्गंझा, टिश्यू, नवं खळीचं सुती) तर कमरेभोवती दोन इंच वाढल्यासारखे दिसतील. बारीक अंगाला फुगणारं कापड छान दिसतं. भरलेल्या अंगाने ते टाळलेलं बरं, पण अगदी अंगाला चिकटणारं पातळ जॉर्जेटही घेऊ नये, कारण त्यात परकराच्या नाडीची गाठसुद्धा दिसते. मधला मार्ग म्हणजे महेश्वरी. ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती, वजनाला हलकी आणि उन्हाळ्यात सुसह्य.

पैठणी घ्यायची असेल तर धुळ्याहून मालेगाव-मनमाडमार्गे येवला गाठता येतं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून बघा. मागची नक्षीही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची आहे. ती घ्या हवी तर, पण यंत्रमागाच्या भावात.

३. रंग आणि काठ

‘गोऱ्या रंगाला हे, सावळ्या रंगाला ते’ ही यादी विसरा. सावळ्या अंगावर गडद जांभळा, मोरपंखी, मोहरी पिवळा आणि लाल किती खुलतो हे कोणत्याही लग्नात दिसतं. रंग अंगाच्या वर्णापेक्षा जास्त बिघडतो तो दिव्यांमुळे. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक जर सोन्याची वाटते. साडी खांद्यावर टाकून दाराशी उन्हात या आणि मोबाईलने फ्लॅश लावून एक फोटो काढा. लग्नात लोक तुम्हाला याच उजेडात बघणार आहेत.

उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर काठ चार बोटांपेक्षा रुंद नको. रुंद काठ पायापासून गुडघ्यापर्यंतचा भाग वेगळा कापून टाकतो आणि बाई आणखी ठेंगणी दिसते. उंच बाईने हवा तेवढा रुंद काठ घ्यावा.

आणि एक. बस्त्याच्या दिवशी स्वतःची साडी निवडू नका. गादीवर दहा-बारा बायका, समोर साड्यांचा ढीग, प्रत्येक साडीला ‘भारी शे!’ आणि दुकानदार चहा सांगतोय. अशा वेळी निवड होते ती सगळ्यांच्या सरासरीची. एकटीने किंवा एका स्पष्टवक्त्या बहिणीला घेऊन परत जा.

४. ब्लाउज: इथेच सगळं बिघडतं

लग्नसराईत टेलरकडे ढीग असतो. कापड किमान महिनाभर आधी द्या आणि पहिली ट्रायल लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी ठरवा. आदल्या दिवशी मिळालेला ब्लाउज दुरुस्त होत नसतो.

माप नवं द्या, आणि त्या दिवशी जे आतलं घालणार आहात तेच घालून द्या. जुना ब्लाउज मापाला देऊ नये. तो घालून-धुऊन सैल झालेला असतो, कधीतरी उसवून वाढवलेला असतो आणि त्यातली मूळ चूक तशीच नव्यात उतरते.

अस्तर स्वतः सुती घ्या आणि टेलरला देण्याआधी दोन तास पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आकसतं आणि वरचं कापड चुरगळल्यासारखं फुगतं. भिजवताना पाण्याला रंग सुटला तर ते अस्तर परत करा. घामाने तोच रंग काखेत उतरतो, आणि फिक्या रेशमावरचा तो डाग जात नाही.

आता मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई. हात वर केला की ब्लाउज वर सरकतो, ही सर्वांत मोठी तक्रार. यावर बहुतेक टेलर मुंढा आणखी खोल कापून देतात आणि दुखणं वाढवतात. मुंढा जितका खाली, तितकी बाही कुशीला (बाजूच्या शिवणीला) बांधली जाते. हात उचलला की ती कुशीला धरून अख्खा ब्लाउज वर ओढते. मुंढा काखेखाली एक बोट एवढाच असावा. मग हात एकटा वर जातो, ब्लाउज जागेवर राहतो. नुसतं उभं राहिल्यावर असा मुंढा जरा घट्ट वाटतो, म्हणून बायका तो सैल करून मागतात. मागू नका. काचत असेल तर बाहीची रुंदी तपासा. दंडाच्या घेरापेक्षा एक ते दीड इंच जास्त हवी. त्रास बहुधा तिथे असतो.

दुसरी जागा टक्सची, म्हणजे उभारासाठी शिवलेल्या चुणीची. खांद्यापासून उभाराच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि दोन्ही मध्यांतलं अंतर ही दोन मापं टेलरने घेतलीच पाहिजेत. घेतली नाहीत तर आठवण करा. टक्सचं टोक मध्यापासून अर्धा ते पाऊण इंच अलीकडे संपायला हवं. मध्यावर किंवा पुढे गेलं तर ब्लाउज टोकदार दिसतो. ट्रायलमध्ये छातीपासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर टक्स कमी पडलाय. अशा वेळी टेलर कुशीतून कापड आत घेऊन सुरकुती दाबतो. ते करू देऊ नका. टक्स वाढवायला सांगा.

तिसरी जागा गळा. पुढे रुंद आणि मागेही खोल, असा ब्लाउज खांद्यावर टिकत नाही, मग तो कोणीही शिवो. पाठ नऊ इंच उघडी हवी असेल तर पुढचा गळा साडेसहा-सातच्या खाली नेऊ नका आणि खांद्याची पट्टी किमान दोन इंच ठेवा. पाठीची डोरी मानेच्या हाडापासून दोन-अडीच इंचांवर लावून घ्या. पाठीच्या मध्यावर लावलेली डोरी नुसती शोभेची, खांदे धरत नाही.

बाही दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपवू नका, कारण नजर बरोबर तिथेच थांबते. दोन इंच वर किंवा थेट कोपरापर्यंत घ्या. कोपरापर्यंत बाही आणि छाती चाळीसच्या वर असेल तर साडीसोबत आलेला ऐंशी सेंटीमीटरचा पीस बहुतेक वेळा कमी पडतो, हे कात्री लावण्याआधीच टेलरशी बोला. उन्हाळ्यात ब्लाउजला फोमचे पॅड शिवून घेऊ नयेत. घामाने ओले होतात, लवकर वाळत नाहीत आणि जागा चुकली तर लगेच कळतं. काखेत सुती स्वेट पॅड मात्र जरूर.

ट्रायल कच्च्या टाक्यावरच व्हायला हवी. रेशीम आणि टिश्यूवर पक्की शिलाई उसवली की सुईची भोकं कायम दिसतात. कुशीत दोन्हीकडे एक-एक इंच माया (शिवणीच्या आत जास्तीचं कापड) ठेवायला सांगा. ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून ‘छान बसलाय’ म्हणणं निरुपयोगी आहे. वरातीत नाचताना करता तसे दोन्ही हात डोक्यावर न्या, अक्षता टाकल्यासारखा उजवा हात फेका, मग जमिनीवर मांडी घालून बसा आणि पुढे वाकून पत्रावळीवर बट्टी चुरल्याची कृती करा. खालची पट्टी वर चढली, पाठीचा गळा उघडला किंवा हुकांमध्ये फट पडली तर तिथल्या तिथे खडूने खूण करून घ्या. घरी जाऊन फोनवर सांगितलेली दुरुस्ती होत नाही.

५. फॉल-पिको आणि परकर

फॉल भिजवून इस्त्री करून मगच लावायला द्या, नाहीतर तो आकसून काठ गोळा करतो. परकर सुती, साडीच्या रंगाचा. उंची चपला घालूनच मोजा. अंगाला चिकटणारा शेपवेअर परकर रात्रीच्या एसी हॉलपुरता ठीक. मेच्या दुपारी त्याने कमरेला घामोळ्या उठतात.

६. नेसताना

चपला आधी, साडी नंतर. निऱ्या पाच ते सात, प्रत्येकी साधारण पाच इंच. भारी जरीच्या साडीला पाचच घ्या, जास्त घेतल्या की पोट पुढे आल्यासारखं दिसतं. खांद्यावरची पिन पदरातून थेट अस्तरापर्यंत न्या. नुसत्या वरच्या रेशमात अडकवली तर पदराच्या वजनाने तिथे फाटतं. पिनेत एक छोटा मणी ओवला की तिचा गोल भाग धाग्यात अडकत नाही. चार पिना आणि सुई-दोरा पर्समध्ये टाका.