परदेशात असताना अमेरिकेतील ज्युरीचे समन्स आले, तर या चुका टाळा

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन काही वर्षांनी पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्या अनेकांचा जुना पत्ता सरकारी नोंदींत तसाच राहतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर न्यू जर्सीतील भावाचे घर असते, मतदारयादीतही तेच असते, आणि एके दिवशी भाऊ लिफाफ्याचा फोटो पाठवून विचारतो की ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसण्यासाठी तुझ्या नावाने कोर्टाचे समन्स आले आहे, त्याचे काय करू?

आपण देशाबाहेर असल्यामुळे हे आपल्याला लागूच होत नाही, असे समजून गप्प बसणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कोर्टाने नाव मतदारयादीतून, आणि बऱ्याच ठिकाणी लायसन्सच्या यादीतून उचललेले असते, त्यामुळे तुम्ही कुठे राहता हे तुम्ही सांगेपर्यंत त्याला कळत नाही. फेडरल (केंद्रीय) कोर्टाची पात्रता प्रश्नावली दहा दिवसांत भरून द्यावी लागते, आणि समाधानकारक कारणाशिवाय हजर न राहणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. राज्यांच्या कोर्टांचे दंड वेगवेगळे आहेत. भावाने पाकिटावर ‘येथे राहत नाही’ असे लिहून ते परत टाकले, तर ते तुमचे उत्तर ठरेलच असे नाही.

उत्तर देतानाही बहुतेक जण अडखळतात ते तारीख पुढे ढकलण्याची विनंती, सूट मागणे आणि अपात्र असल्याचे कळवणे या तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाल्यामुळे. फेडरल कायद्यानुसार ज्युरर, म्हणजे ज्युरीचा सदस्य, होण्यासाठी त्या न्यायिक जिल्ह्यात वर्षभर मुख्यतः वास्तव्य असावे लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही त्या राज्यात कायमचे घर नसलेली व्यक्ती ज्युरीसाठी पात्र नसते. म्हणून जो कायमचा भारतात राहायला आला आहे, त्याने सवलत मागण्याचे कारणच नाही. त्याने वास्तव्याच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर द्यावे आणि तिथून निघाल्याची तारीख व सध्याचा पत्ता लिहावा. तारीख पुढे ढकलून मागणे म्हणजे ‘मी पात्र आहे, फक्त हा दिवस सोयीचा नाही’ असे कबूल करणे होय, आणि मग काही महिन्यांनी तेच समन्स पुन्हा दारात येते.

याच्या उलट चूकही तितकीच गंभीर आहे. आजारी वडिलांसाठी चार महिने भारतात आलेल्या, पण घर, नोकरी आणि कर तिकडेच असलेल्या माणसाने ‘मी भारतात राहतो’ असे लिहिणे खरे नाही. त्याने परतीचे तिकीट जोडून तारीखच बदलून मागावी. फेडरल प्रश्नावलीत ज्युरी टाळण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देण्यालाही वर सांगितलेल्याच शिक्षा आहेत. शिवाय राज्याच्या करविवरणात स्वतःला रहिवासी म्हणवायचे आणि कोर्टाला उलट सांगायचे, ही विसंगती स्वतःच्या सहीने निर्माण करू नये.

खरे उत्तर दिले तर नागरिकत्व किंवा मतदानाचा हक्क जाईल, ही भीती मी पुष्कळांच्या बोलण्यात ऐकली आहे. ज्युरीसाठी अपात्र ठरल्याने नागरिकत्व जात नाही. 1986 च्या कायद्यामुळे परदेशस्थ नागरिकाला शेवटच्या वास्तव्याच्या राज्यातून फेडरल निवडणुकीत मत देता येते. जुन्या पत्त्यावरची नोंद मात्र रद्द होऊ शकते, म्हणून फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन भरून परदेशस्थ मतदार म्हणून नोंद करून घ्यावी.

ग्रीन कार्डवर असलेल्या आई-वडिलांच्या नावानेही लायसन्समुळे समन्स येते. तेथे ‘नागरिक आहात का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर द्यायचे, कारण नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात अत्यंत गंभीर मानला जातो आणि त्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. नाव चुकून मतदारयादीत गेले असेल, तर उत्तर पाठवण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे. (इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र नागरिकत्वाची अट नाही: मतदारयादीत असलेल्या आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षे युनायटेड किंगडम, चॅनेल बेटे किंवा आइल ऑफ मॅनमध्ये राहिलेल्या भारतीय नागरिकालाही ज्युरी सेवेला बोलावले जाते.)

भावाला तुमच्या नावाने सही करायला सांगू नका. समन्सवरील ज्युरर क्रमांक मागवून घ्या आणि ऑनलाइन सोय असल्यास फॉर्म स्वतः भरा. फोन करायचा असेल, तर न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. ‘हजर राहिला नाहीत, आता गिफ्ट कार्डने दंड भरा’ असे सांगणारा फोन आला, तर तो फसवणुकीचा आहे. कोर्ट असे पैसे मागत नाही.

तारीख आधीच उलटून गेली असेल, तर ज्युरी क्लार्कला लगेच लेखी कळवा: पत्र प्रत्यक्ष कधी हाती आले, तुम्ही केव्हापासून भारतात राहता, आणि सोबत भाडेकरार किंवा वीजबिल. महावितरणचे बिल मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडा, आणि कोर्टाचे उत्तर येईपर्यंत पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेवा.