आभाळातला ध्रुवित प्रकाश कसा पाहावा आणि त्यावरून सूर्य कसा शोधावा

सूर्य डोंगराआड किंवा ढगाआड असला, तरी निळ्या आभाळाचा एक तुकडा मोकळा असेल तर मधमाशीला दिशा कळते. ती जी खूण वाचते, ती आपल्यालाही साध्या पोलराइज्ड गॉगलमधून दिसू शकते.

सूर्याच्या प्रकाशात कंपनं सगळ्या दिशांना असतात. हवेच्या रेणूंवरून तो विखुरला की त्यातली बरीचशी कंपनं एकाच दिशेत उरतात. हाच ध्रुवित प्रकाश.

पोलराइज्ड गॉगल एकाच दिशेतली कंपनं आत सोडतो, म्हणून आधी तो तपासून घ्या. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर तो धरून हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात स्क्रीन जवळजवळ काळी पडली, तर गॉगल कामाचा. नुसती रंगीत काच असेल तर काहीच फरक पडणार नाही.

वेळ निवडा सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची, आभाळ निरभ्र असताना. सूर्याकडे मात्र थेट बघू नका, गॉगल लावूनही नाही. तर्जनी सूर्याच्या दिशेला धरा, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणा आणि मनगट गोल फिरवा. अंगठा आभाळात जो पट्टा आखतो, तिथे ध्रुवीकरण सर्वांत जास्त असतं. मावळतीला हा पट्टा उत्तर-दक्षिण, थेट डोक्यावरून जातो.

आता गॉगल हातात घ्या आणि एका भिंगातून त्या पट्ट्याकडे बघत तो फिरवा. आभाळ उजळतं, मग गडद होतं. सर्वांत गडद होईल तिथे थांबा. भिंगाची वरून खाली जाणारी रेघ मनातल्या मनात लांबवा. ती सूर्याकडे जाते. पट्ट्यात दुसरीकडे पुन्हा करून बघा, रेघ तिथूनही सूर्यालाच गाठते. फक्त तिच्या दोन टोकांपैकी सूर्य कुठल्या टोकाला, हे एवढ्यावरून ठरत नाही. कीटक त्यासाठी आभाळाच्या उजेडातला आणि रंगातला फरकही वापरतात.

प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी हेच मधमाश्यांवर करून पाहिलं. माश्या नाचून एकमेकींना अन्नाची दिशा सांगतात. आडव्या पोळ्यावर नाचणाऱ्या माश्यांना आभाळाचा तुकडा दिसत होता. त्यावर धरलेली पोलरॉइडची, म्हणजे गॉगलसारखीच ध्रुवित प्रकाश गाळणारी, चकती त्यांनी फिरवली, तशी नाचाची दिशाही बदलली. 1949 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इतक्या साध्या साधनाने माशीला नेमकं काय दिसतं हे त्यांनी तिच्याकडूनच काढून घेतलं. माशीच्या डोळ्याच्या वरच्या कडेला यासाठी खास भाग असतो आणि तो अतिनील प्रकाशावर काम करतो. सहारातल्या वाळवंटी मुंग्याही अन्नासाठी वेडीवाकडी भटकंती करून ध्रुवित प्रकाशाच्याच आधाराने सरळ रेषेत घरी परततात. काही शेणकिडे तर चांदण्यातलं अगदी क्षीण ध्रुवीकरणही वापरतात.

मग खाली बघा. डबक्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून पाहिलं की परावर्तित प्रकाश जवळपास पूर्णपणे आडवा ध्रुवित असतो. गॉगल नेहमीसारखा धरलात तर चकाकी जाते आणि तळ दिसतो. आडवा केलात की चकाकी परत येते. अनेक पाणकीटक याच आडव्या ध्रुवीकरणावरून पाणी ओळखतात. दुर्दैवाने काळा डांबरी रस्ता किंवा गडद रंगाची गाडीही त्यांना पाणीच वाटते, आणि मेफ्लायसारखे कीटक तिथे अंडी घालतात. ती अंडी वाळून मरतात.

शेवटी गॉगल ठेवून द्या. आपल्या नुसत्या डोळ्यालाही ध्रुवीकरण थोडंसं दिसतं. खनिजशास्त्रज्ञ हायडिंगर यांनी 1844 मध्ये त्याचं वर्णन केलं. सरावासाठी एलसीडीवर कोरी पांढरी खिडकी उघडा, एकाच जागी बघा आणि मान डावी-उजवीकडे कलती करा. नजरेच्या मध्यावर डमरूच्या आकाराचा फिकट पिवळा डाग फिरतो, त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर छटा असते. मान स्थिर ठेवली तर काही सेकंदांत तो विरतो, म्हणून हलवत राहा. तो ओळखीचा झाला की संध्याकाळी डोक्यावरच्या आभाळात शोधा: पिवळ्या डमरूचं एक टोक सूर्य जिथे मावळतोय त्या बाजूला असेल.